लोकलच्या डब्यातला उजेड आणि हवा: ठाणे–नवी मुंबईच्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर रोज सकाळी भेटणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. माझं आयुष्य रबाळ्याच्या एमआयडीसीत कारखान्यांना डक्ट (हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ) आणि एक्झॉस्ट बसवण्यात गेलं, म्हणून ग्रुपवर मला ‘डक्टवाले काका’ म्हणतात आणि गाडीत गुदमरायला झालं की प्रश्न माझ्याकडे येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी रेल्वेत कधी नोकरी केलेली नाही, तेव्हा हे रेल्वेच्या वतीने बोलणं नाही.

डोक्यावर पंखे गरगर फिरत असतात, तरी जीव का घुसमटतो?

पंखा हवा फिरवतो, बदलत नाही म्हणून. निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर एवढंच आहे, पण थोडा हिशोब करून दाखवतो.

लोकलचा डबा साधारण २०.७ मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद. उंची धरून आणि माणसांनी व्यापलेली जागा वजा करून आत हवा उरते ढोबळमानाने दीडशे घनमीटर. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत पाच हजारांच्या आसपास माणसं असतात, म्हणजे डब्याला चारशे. रेल्वेच्या भाषेत या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा जण उभे. घरात एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात किती पावलं बसतील ते बघा.

आता एक माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चारशे जणांचे झाले ८,००० लिटर. दारं-खिडक्या पूर्ण बंद आहेत आणि बाहेरची हवा अजिबात येत नाही अशी कल्पना केली, तर या वायूचं प्रमाण दर मिनिटाला जवळजवळ ९०० पीपीएमने (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ९०० भागांनी) चढेल. बाहेरच्या हवेत ते ४२०च्या आसपास असतं. दहा मिनिटांत नऊ हजारांच्या वर. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ५,००० ही मर्यादा धरतात.

उष्णतेचं गणित याहून वाईट. शांत उभा असलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चारशे माणसं म्हणजे ४० किलोवॉट. डब्यात चाळीस इस्त्र्या चालू ठेवल्यात असं समजा. शिवाय घाम आणि श्वासातून तासाला वीसेक लिटर पाण्याची वाफ. पंखा या सगळ्या मिश्रणाला घुसळतो. अंगावरचा घाम वाळेपर्यंत बरं वाटतं, पण हवेतली वाफ वाढत गेली की घाम वाळायचाही थांबतो. मग पंखा असून नसल्यासारखा.

म्हणजे गाडीत लोक चक्कर येऊन पडतात ते कार्बन डायऑक्साइडमुळे?

एकट्या त्याच्यामुळे नाही. खऱ्या डब्यात दारं उघडी असतात, त्यामुळे वरचे आकडे कधी गाठले जात नाहीत. चक्कर येते ती उष्णता, दमटपणा, रिकामं पोट आणि तासभर एकाच जागी ताठ उभं राहणं या सगळ्यामुळे. कार्बन डायऑक्साइड हा आम्हा डक्टवाल्यांचा मोजमापाचा धागा. तो वाढला म्हणजे माणसाच्या अंगातून निघणारं बाकी सगळंही साचलंय.

मग एका डब्याला किती हवा लागते?

कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा हजार पीपीएमने जास्त चालेल असं धरलं (हे फार उदार झालं), तरी चारशे माणसांना तासाला ८,००० घनमीटर ताजी हवा हवी. डब्यातली सगळी हवा तासाला पन्नासेक वेळा बदलायची. कारखान्याच्या शेडला मी कधी याच्या अर्ध्याचंही डिझाइन केलेलं नाही. आज हे काम मुख्यतः उघडं दार करतं. जी वस्तू आपण माणसांच्या चढ-उतारासाठी केली, तीच डब्याचं नाक होऊन बसली आहे.

‘वाऱ्याची खिडकी’ खरंच असते का? की मनाचे खेळ?

असते. गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकीत बसलेल्याला वारा मिळतो, समोरच्याला मिळत नाही. गाडी पुढे जाते तशी बाहेरची हवा डब्याच्या अंगावरून मागे सरकते. खिडकीच्या मागच्या कडेला ती अडते आणि तिथूनच आत वळते. पुढच्या कडेपाशी उलट आतली हवा बाहेर ओढली जाते. ‘वाऱ्याची कुठली?’ असं विचारून बसणारे पनवेलचे प्रवासी चुकत नाहीत.

गाडी उभी राहिली की मात्र दोन्ही खिडक्या सारख्याच निरुपयोगी. सिग्नलला पाच मिनिटं थांबलेली गाडी ही डब्यातली सगळ्यात वाईट अवस्था, कारण वेगावर चालणारी सगळी हवा एकदम बंद होते. जुन्या डब्यांच्या छतावर लहान टोप्यांसारखे व्हेंटिलेटर दिसत. त्यांचंही तेच: गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने आतली गरम हवा उपसायची आणि गाडी थांबली की टोपी नुसती शोभेची.

दारात उभं राहू नका म्हणतात. आत हवा कुठे आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी पूर्वी रागवायचो. आता रागवत नाही.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचे जीव गेले. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की बिगरएसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची. लगेच सगळीकडून एकच ओरड झाली: दारं बंद केलीत तर माणसं आत गुदमरून मरतील. ती ओरड बरोबर होती. वरचा हिशोब पुन्हा बघा.

म्हणूनच त्या घोषणेत दारासोबत तीन बदल होते. एक, दारालाच तिरप्या पट्ट्यांची जाळी, म्हणजे दार बंद असूनही हवा आत येईल. दोन, छतावर बाहेरची हवा आत ढकलणारी यंत्रं. तीन, डब्यांना जोडणारी वाट, म्हणजे एका डब्यातली गर्दी दुसऱ्यात सरकू शकेल. वर्तमानपत्रांत ‘दारं’ हा शब्द मोठ्या टायपात आला आणि बाकी तीन गोष्टी खाली बारीक छापल्या गेल्या. माझ्या लेखी बातमी त्या तीन गोष्टींचीच होती.

यात छतावरच्या यंत्रांना मी सगळ्यात जास्त गुण देतो. पट्ट्यांची जाळी गाडी पळत असेपर्यंत उपयोगाची. कळव्याच्या आधी गाडी खोळंबली की पट्ट्यांतून वारा येणार नाही, आणि दाराला पाठ लावून उभे असलेले पंधराजण त्या बुजवून टाकतील ते वेगळंच. यंत्राला गाडीच्या वेगाशी देणंघेणं नाही. डब्यांमधल्या वाटेचं मात्र मला कोडं आहे. सकाळी आठ सत्तावीसच्या गाडीत शेजारच्या डब्यात सरकायला तिथे जागा कोण ठेवणार? दुपारी आणि रात्री तिचा उपयोग होईल, विशेषतः एकट्यादुकट्या बाईमाणसाला.

पट्ट्यांच्या दारातून पाऊस आत येणार नाही का?

पट्ट्यांचा कोन बाहेरच्या बाजूला खाली झुकलेला असेल तर सरळ पडणारा पाऊस येत नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या खिडक्यांना अशाच पट्ट्या असायच्या. वाशीच्या खाडीपुलावर जुलैतला पाऊस आडवा येतो, तो कुठल्याही पट्टीला दाद देत नाही. पण आज उघड्या दारातून येतो त्यापेक्षा कमीच येईल.

पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांच्या छतातून हवा येते, तो एसीच का?

नाही. ती बाहेरचीच हवा, थंड न केलेली. २००७च्या नोव्हेंबरपासून सिमेन्सची विद्युत यंत्रणा असलेले रेक (म्हणजे गाडीच्या डब्यांचे पूर्ण संच) मुंबईत धावू लागले, त्यांत पहिल्यांदा ही ‘फोर्स्ड व्हेंटिलेशन’ची सोय आली. २०१५पासून आलेल्या बंबार्डियर यंत्रणेच्या रेकमध्येही ती आहे. छतावरचा ब्लोअर बाहेरची हवा जाळीतून गाळून ओढतो, छताच्या आतल्या डक्टमधून डब्याच्या लांबीभर नेतो आणि झडपांतून खाली सोडतो. आत हवा ढकलली की आतली हवा दारा-खिडक्यांतून आपोआप बाहेर पडते. तत्त्व अगदी साधं, आणि माझ्या मते मुंबईच्या लोकलमध्ये गेल्या पन्नास वर्षांत झालेली ही सगळ्यात शहाणपणाची सुधारणा.

मग कधी ती जाणवते आणि कधी नाही, असं का? गाळणीची जाळी. आपल्या मार्गावर ब्रेकची लोखंडी धूळ, बांधकामांचं सिमेंट, रबाळे-घणसोलीचा एमआयडीसीचा धूर आणि पावसाळ्यात त्यावर दमट चिकटा. जाळी तुंबली की मोटर तेवढीच गुरगुरते, हवा मात्र निम्म्यावर येते. कारखान्यातही हेच बघितलंय: लाखांचं डक्टिंग बसवतात आणि दोनशे रुपयांचा फिल्टर वर्षभर धुवत नाहीत. पुढच्या वेळी झडपेखाली उभे राहाल तेव्हा हात वर धरा. आवाज येतोय पण हाताला वारा लागत नाही, तर मोटर चालू आहे आणि बहुतेक जाळी तुंबली आहे. कळव्याच्या आणि सानपाड्याच्या कारशेडमध्ये ही जाळी धुणाऱ्या माणसाच्या हातात आपला श्वास आहे, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

सरळ एसी लोकलच का आणत नाहीत?

आणतायत. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ला पश्चिम रेल्वेवर धावली. मध्य रेल्वेची पहिली तर आपल्याच ट्रान्स-हार्बरवर (ठाणे–वाशी–पनवेल मार्गावर), ३० जानेवारी २०२० रोजी, पण दोनेक वर्षांत ती इथून मेन लाइनला गेली. भाडं परवडत नव्हतं आणि एक एसी गाडी लावली की तिच्या वेळेची साधी गाडी जात होती, त्यामुळे इथे लोक तिच्यावर खूश नव्हते. पुढे मे २०२२मध्ये एकेरी तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलं गेलं, तेव्हा मेन लाइनवर गर्दी वाढली. एमयूटीपी या मुंबईच्या रेल्वे सुधारणा प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यांत २३८ एसी रेक घ्यायचं ठरलेलं आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. एसी म्हणजे ताजी हवा नव्हे. एसी हा डब्यातली बरीचशी हवा तीच तीच फिरवून थंड करतो, कारण बाहेरची दमट हवा सतत थंड करायची तर वीज परवडत नाही. तिच्यात थोडी बाहेरची हवा मिसळावी लागते. ती झडप किती उघडी ठेवली, यावर डब्यात वास येतो की नाही ते ठरतं. थंड वाटतंय म्हणजे हवा चांगली, हा समज कोविडच्या वेळी बऱ्याच जणांचा मोडला.

दुसरं, चारशे माणसांचे ४० किलोवॉट म्हणजे घरातल्या दीड टनाच्या आठ एसींचं काम, आणि ते फक्त माणसांचं. उन्हाने तापलेलं छत आणि दर स्टेशनला उघडणारी दारं वेगळी. मे महिन्यात एका एसी गाडीत आमच्या डब्याचं यंत्र बंद पडलं होतं. दारं बंद, खिडक्या न उघडणाऱ्या, आणि दोन स्टेशनांमधली ती आठ मिनिटं. शेजारच्या आजी पदराने वारा घेत म्हणाल्या, ‘यापेक्षा आमची सेकंड क्लासची खिडकी बरी.’ एसी डब्यात यंत्र बंद पडल्यावर बॅटरीवर निदान पंखा तरी चालला पाहिजे आणि बाहेरची हवा आली पाहिजे. नव्या गाड्यांचं कौतुक करताना मी पहिल्यांदा हेच विचारतो.

चालत्या गाडीत ठरावीक जागी दिवे-पंखे एकदम का जातात?

घाबरू नका, बिघाड नाही. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो (इथे एसी म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, गारव्याचा एसी नव्हे). शेजारशेजारच्या सबस्टेशनांचे फेज वेगळे असतात, ते एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये वायरचा एक निर्जीव तुकडा ठेवतात. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. मोटरमन त्याआधी वीज तोडतो, गाडी वेगाच्या जोरावर तो तुकडा ओलांडते आणि वीज परत जोडली जाते. तेवढे सेकंद पंखे थांबतात आणि बरेचसे दिवे विझतात. बॅटरीवरचे काही दिवे चालू राहतात. पूर्वी मुंबईत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. १९२५च्या ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती त्यावरच. मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर २०१५मध्ये आणि हार्बरवर २०१६मध्ये तो इतिहासजमा झाला.

विजेआधी डब्यात उजेड कसा असायचा?

हा माझा लाडका विषय, जरा लांबेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली आणि उजेडातच पोहोचली. दिव्याची गरज पडली नाही. पुढच्याच वर्षी रूळ खाडीपलीकडे कल्याणपर्यंत गेले, वाटेत डोंगरातले बोगदे आले आणि भरदिवसा डब्यात अंधार झाला. (आजचा १.३ किलोमीटरचा पारसिकचा लांब बोगदा नंतरचा, १९१६चा.)

त्या काळात आगगाडीत तेलाचे दिवे असायचे. छताला भोक, रेल्वेचा माणूस डब्यांच्या टपावरून चालत जाऊन पेटता दिवा वरून आत सोडायचा. उजेड जेमतेम, काजळी भरपूर. मग जर्मनीच्या पिंट्श यांनी दाबाखाली भरलेल्या तेलवायूचा दिवा आणला. उजेड खूप सुधारला, पण डब्याखाली गॅसची टाकी आणि डबा लाकडाचा. २२ मे १९१५ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल इथे गाड्यांची टक्कर झाली, गॅसमुळे लाकडी डबे पेटले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक लढाईवर निघालेले सैनिक.

विजेचा दिवा तोवर येऊन ठेपला होता. १८८१मध्ये इंग्लंडमध्ये एका पुलमन डब्यात बॅटरीवर दिवे लावून दाखवले गेले. अडचण एवढीच की बॅटरी चार्ज कशी करायची. उत्तर मिळालं चाकाच्या आसात: पट्ट्याने डायनॅमो आसाला जोडायचा. गाडी पळते तेव्हा वीज तयार होते, थांबते तेव्हा बॅटरी दिवे सांभाळते. सायकलच्या डायनॅमोचंच मोठं रूप. लांब पल्ल्याच्या आपल्या निळ्या डब्यांखाली हा पट्टा अगदी परवापर्यंत दिसायचा.

आणि हे सगळं आधी कोणाला मिळालं? पहिल्या वर्गाला. भारतात सगळ्या वर्गांच्या सगळ्या डब्यांत दिवे आणि पंखे हवेतच, असं ठरायला १९५२ उजाडावं लागलं.

आणि थंडावा?

तोही आधी साहेबालाच. १८७०च्या दशकात जीआयपीच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीच्या, पहिल्या वर्गाच्या काही डब्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून हवा घेऊन गारवा करायचा प्रयोग झाला होता. पुढे १९३०च्या दशकात फ्रंटियर मेलमध्ये बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवत. वाळ्याचा पडदा कोरड्या हवेत छान चालतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याने फक्त सुवास येतो.

एलईडी आल्यापासून उजेड डोळ्यांना टोचतो. हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. ट्यूबलाइटचा उजेड लांब नळीभर पसरलेला असायचा. एलईडीत तो बारीक ठिपक्यांतून येतो. ठिपक्यांवर दुधाळ झाकण चांगलं असेल तर टोचत नाही, पातळ किंवा पिवळं पडलेलं असेल तर टोचतं. वीज वाचते, दिवा जास्त टिकतो आणि गाडीच्या धक्क्यांनी ट्यूबसारखा लुकलुकत नाही, त्यामुळे बदल योग्यच. माझी तक्रार जागेची आहे. दिवे छताच्या मध्यावर असतात आणि उभ्या माणसांच्या डोक्यांच्या सावल्या बसलेल्याच्या पुस्तकावर पडतात. खिडकीच्या वर बाजूने एक पट्टी असती तर वाचणाऱ्यांनी दुवा दिला असता. आता सगळे मोबाइलमध्ये बघतात, त्याला स्वतःचा उजेड असतो, तेव्हा हे मागणारा मीच एकटा उरलो असेन.

रात्री साडेदहानंतर बायकांच्या डब्यात मात्र उजेड हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तिथे दारापाशी एक दिवा बंद असला तरी तक्रार करा.

रेल्वेचा पंखा चोरून घरी लावला तर चालतो का?

लांब पल्ल्याच्या साध्या डब्यांत ११० व्होल्टचा डीसी पुरवठा असतो, आपल्या घरी २३० व्होल्टचा एसी. तेव्हा नाही. आणि हा प्रश्न ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय. कोण विचारतंय ते मला माहीत आहे.

तक्रार कुठे करायची? काही होतं का त्याने?

१३९ नंबरवर किंवा ‘रेल मदद’ ॲपवर. होतं की नाही हे तुम्ही काय लिहिता त्यावर बरंच आहे. ‘गाडीत फार गरम होतं’ यावर कोणीही काहीही करू शकत नाही. डब्याच्या भिंतीवर रंगवलेला नंबर लिहा, गाडीची वेळ लिहा, आणि काय बंद आहे ते मोजून लिहा: ‘अमुक नंबरचा डबा, ठाण्याच्या बाजूने दुसऱ्या दारापाशी दोन पंखे बंद, छतातल्या झडपेतून हवा नाही.’ रेक रोज वेगवेगळ्या फेऱ्या करतो, तेव्हा गाडीच्या वेळेवरून डबा सापडत नाही, नंबरवरून सापडतो. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी अशी तक्रार केली होती. चार दिवसांनी तोच डबा पुन्हा नशिबात आला, तेव्हा दोनपैकी एक पंखा फिरत होता.

पावसात खिडकी बंद करावी की उघडी ठेवावी? रोज भांडणं होतात.

जुन्या रेकमध्ये काचेची आणि पट्ट्यांची अशा दोन झडपा असतात. पाऊस असेल तर पट्ट्यांची ओढा, काचेची नको. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद करून दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवल्या तरी बरीच हवा खेळते. सगळ्या काचा बंद झाल्या की दहा मिनिटांत त्यांच्यावर आतून पाणी धरतं. ते पाणी पावसाचं नसतं, आपल्या सगळ्यांच्या श्वासाचं असतं. खिडकीतल्या माणसाला हे एकदा बोट लावून दाखवा. बहुतेक वेळा तो स्वतःच काच दोन बोटं वर करतो.